घरातले पवित्र शास्त्र : मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील नित्यवाचनाचा इतिहास

मराठी प्रॉटेस्टंट घरांतील कुटुंबप्रार्थनेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदललेला नाही. आधी एखादे गीत, मग पवित्र शास्त्रातला अध्याय, त्यावर वडीलधाऱ्यांचे दोन शब्द, आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. जेवणाआधी किंवा निजण्याआधी ती होते. मुले वाचायला शिकली की अध्यायातली वचने त्यांच्याकडून पाळीपाळीने वाचून घेतली जातात, त्यामुळे अनेक घरांत मुलांचे मराठी वाचन शाळेपेक्षा आधी इथेच सुधारते. याखेरीज ज्याने त्याने पहाटे किंवा सकाळी एकट्याने वाचायचे असते, ते वेगळे. या दोन्ही वाचनांतून दोन गोष्टी साधाव्यात अशी अपेक्षा असते : विश्वास वाढावा, आणि वाचलेले वागण्यात दिसावे. दुसरी अपेक्षा नेहमीच जास्त जड गेली आहे, आणि या चालीचा खरा इतिहास बराचसा तिच्याभोवतीच घडला आहे.

रोज थोडे थोडे वाचून सबंध ग्रंथ पुरा करायचा तर त्याचे सोयीचे भाग पडलेले असावे लागतात. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे असून ते स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताच्या नावाने ओळखले जातात. नव्या कराराची आजची क्रमांकित वचने रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये पाडली. प्रॉटेस्टंट बायबलात जुन्या कराराचे ९२९ आणि नव्या कराराचे २६० असे ११८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर ते वर्षात संपतात. नव्या कराराचे अध्याय सोमवार ते शुक्रवार एकेक वाचले तर बरोबर ५२ आठवडे पुरतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, त्यामुळे ज्या दिवशी जी तारीख त्या क्रमांकाचा अध्याय वाचायचा, ही रीत तर सांगावीही लागत नाही. हे हिशेब कोरडे वाटले तरी नित्यवाचनाची चाल टिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

युरोपात या चालीला शिस्त आली ती दोन ठिकाणांमुळे. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील हेर्नहुट या वस्तीत मोरावियन पंथाचे निर्वासित झिंझेनडोर्फ या सरदाराच्या आश्रयाने राहत होते. १७२८ मध्ये त्याने संध्याकाळच्या उपासनेत दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले आणि ते सकाळी घरोघरी जाऊन सांगण्याची पद्धत पडली. १७३१ पासून वर्षभराची अशी वचने पुस्तकरूपाने निघू लागली, आणि हे वार्षिक पुस्तक आजही निघते. दुसरे ठिकाण स्कॉटलंडमधले डंडी. तिथल्या रॉबर्ट मरे मकशेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाचे वेळापत्रक केले. त्याप्रमाणे वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होत. मकशेन पुढच्याच वर्षी एकोणतिसाव्या वर्षी वारला, वेळापत्रक मात्र जगभर गेले. मुंबईत काम करणारे डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी याच स्कॉटिश वळणातले होते. सकाळ-संध्याकाळ घरच्यांना आणि नोकरचाकरांना जमवून अध्याय वाचणे हे त्यांच्या दृष्टीने जेवणाइतकेच रोजचे काम होते.

मराठीत ख्रिस्ती वाचन मात्र याच्या कितीतरी आधी, आणि अगदी वेगळ्या वाटेने आले होते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या असून ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे आणि ‘दुसरे पुराण’ नव्या कराराचे आहे. धर्म बदलला तरी लोकांचे कान पुराण ऐकण्याला सरावलेले होते, हे स्टीफन्सने ओळखले. ‘क्रिस्तपुराण’ रविवारी आणि सणावारी मिस्सानंतर, म्हणजे कॅथलिक उपासनेनंतर, देवळात वाचले जाई. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाचनाची सुरुवात घरात एकट्याने पुस्तक उघडण्याने झाली नाही. ती झाली समुदायाने बसून ऐकण्याने. कॅथलिक चर्चने त्या काळी सामान्य लोकांनी लोकभाषेत बायबल वाचण्यावर बंधने घातली होती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला आणि या परंपरेचा आधारच काढून घेतला. सतराव्या शतकात तीनदा छापलेल्या या ग्रंथाची त्या काळची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मराठी भाषकांच्या हाती बायबलचे छापील भाषांतर आले ते बंगालमधून. विल्यम केरी याने सेरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर झालेल्या या भाषांतराची मराठी वाचकाला परकी वाटे, यात नवल नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मिशनने स्वतःचा छापखाना घातला, भाषांतर नव्याने केले, आणि १८२६ मध्ये नवा करार पुरा झाला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. मिशनचे संपूर्ण मराठी बायबल वाचकांच्या हाती यायला १८४७ साल उजाडले.

या ग्रंथाचा पहिला मोठा उपयोग कुणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी, पण हिब्रू धर्मग्रंथ त्यांच्या वाचनात नव्हते. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, काही जण शिक्षक झाले, आणि विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. आपल्याच पूर्वजांच्या कथा त्यांना मराठी जुन्या करारात वाचायला मिळाल्या. त्यातून ते ख्रिस्ती होतील ही मिशनऱ्यांची आशा बहुतांशी फोल ठरली. ते अधिक जाणते यहुदी झाले, आणि पुढे याच कथांवर त्यांनी मराठी कीर्तनेही रचली. वाचकाने ग्रंथातून काय घ्यावे हे छापणाऱ्याच्या हाती राहत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

१८३१ मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले आणि नित्यवाचनाची चाल घाटावर रुजली ती इथून. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत हरिपंत खिस्ती, रामकृष्ण मोडक यांच्यासारखे ब्राह्मण होते. त्यांना पोथी वाचण्याची सवय जन्मापासूनची होती. मंडळ्या वाढल्या त्या मात्र महार आणि मांग वस्त्यांतून, आणि तिथे अक्षरओळख असलेला माणूस विरळा. रोज शास्त्र वाचावे हा उपदेश अशा वस्तीत करायचा तर आधी वाचायला शिकवणे भाग होते. म्हणून गावोगाव निघालेल्या मिशनच्या शाळेचा मास्तर हाच उपदेशक असे. दिवसा मुलांना मुळाक्षरे, रात्री कामावरून परतलेल्या मोठ्यांसाठी चावडीत किंवा कुणाच्या ओसरीत दिव्याच्या उजेडात एक अध्याय. ऐकणारे तो पुन्हा म्हणून दाखवीत, दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना पाठ करीत. वारकरी घरांत हरिपाठ जसा न वाचता मुखोद्गत असतो, तसेच अनेक निरक्षर ख्रिस्ती बायाबापड्यांना स्तोत्रे मुखोद्गत झाली. पुढे मास्तरच्या हाताखाली शिकलेला मुलगा घरचा वाचक बनला. बाप ऐकतो आणि मुलगा वाचतो, ही उलटी रीत महारवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत एक पिढीभर चालली असणार.

स्त्रियांपर्यंत हे वाचन पोचवण्यासाठी वेगळी योजना लागली. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरर यांनी १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत आणि नंतर अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांच्यासारख्यांच्या शाळांत शिकलेल्या काही बायका पुढे ‘बायबलबाई’ म्हणून काम करू लागल्या. काखेत पुस्तक घेऊन त्या घरोघर जात आणि चुलीपाशी, विहिरीवर, दळण चालू असताना वाचून दाखवीत. त्यात विधवांना मोठा आधार मिळाला. वाचता येणे हेच जिच्या पोटापाण्याचे साधन, अशी बाई महाराष्ट्रातल्या खेड्यात त्याआधी सहसा दिसली नव्हती. मिशनच्या इतिहासात पाळकांची नावे ठळक छापलेली आढळतात आणि या बायकांचा उल्लेख ओझरता येतो. घराघरांत वाचन नेले ते मुख्यतः यांनीच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तनही उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांनी बायबलातील कथांवर आख्याने रचली आणि पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-मृदंग यांसह ती रंगवली. कित्येक परदेशी मिशनऱ्यांना आधी हे खटकले, पण व्याख्यानाला न बसणारे लोक कीर्तनाला रात्रभर बसतात हे त्यांनीही पाहिले. दिवसा वाचलेला अध्याय रात्री कीर्तनात ऐकला की तो पक्का होई. १८४२ मध्ये अहमदनगरात सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही घरच्या वाचनाला पूरक ठरले.

एकांतातले वाचन ही गोष्ट याहून धोक्याची होती, कारण ते करणारा बहुधा हिंदू घरातच राहत असे. बेळगावचे बाबा पदमनजी मिशनच्या शाळांत शिकताना बायबलच्या ओढीत सापडले आणि बरीच वर्षे मनाची ओढाताण सोसून १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती घालमेल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. १८५७ च्या त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीतली यमुना आणि तिचा नवराही मनाने ख्रिस्ती असून ते लोकांपासून लपवतात. पुढे पदमनजींनी नव्या करारावर मराठी टीका लिहिली, म्हणजे घरी वाचणाऱ्याला अडलेल्या जागी विचारायला एक पुस्तक मिळाले.

नारायण वामन टिळकांची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचत राहण्याचे वचन घेतले. टिळकांनी तो पेन्सिलीने खुणा करत वाचला. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. त्यांना भिडले ते तत्त्वज्ञान नव्हे, तर शत्रूवर प्रीती करण्याची, मनातला रागसुद्धा दोष मानण्याची तिथली मागणी. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी आणखी पाच वर्षे घेतली आणि ती त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घेतली, हे ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते ओव्यांत पुरे केले. स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी मराठी ख्रिस्ती माणसाला पुन्हा ओवीच जवळची वाटली.

नित्यवाचनावरून सर्वांत मोठे सार्वजनिक वादळ उठले ते पुण्यात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला होता. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही अशी अट होती आणि रमाबाईंनी ती मान्य केली होती. त्या सकाळी आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह बायबल वाचून प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या आणि रमाबाईंनी त्यांना उठवले नाही. ‘केसरी’ने कडक टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सल्लागारांची बाजूही पोकळ नव्हती. परावलंबी बालविधवांवर आश्रयदात्रीच्या उदाहरणाचा दाब पडतोच, हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण दार बंद करून वाचणे म्हणजे स्वतःच्या घरात चोरासारखे राहणे, हे रमाबाईंचे म्हणणेही समजण्याजोगे आहे. घरगुती उपासना खासगी कुठे संपते आणि उपदेश कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्या उंबऱ्यावर जसा उभा राहिला तसा महाराष्ट्रात आधी कधी उभा राहिला नव्हता.

वाचलेले वागण्यात उतरले की नाही, हे पाहण्याची व्यवस्था प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चांगलीच काटेकोर होती. दारू पिणारा, जातिभेद पाळणारा, दुसरी बायको करणारा सभासद प्रभुभोजनापासून दूर ठेवला जाई आणि पश्चात्ताप दाखवल्यावरच परत घेतला जाई. अमेरिकन मिशनने तर सर्व जातींच्या लोकांनी एका भाकरीत व एका प्याल्यात सहभागी व्हावे असा आग्रह धरला. खरी परीक्षा गावात होती. महार ख्रिस्ती माणसाने देवकार्याशी जोडलेली कामे नाकारली किंवा रविवारी काम टाळले की गाव नाराज होई आणि बलुत्यावर गदा येई. सचोटी ही तिथे रोजच्या भाकरीची किंमत मोजून पाळायची गोष्ट होती. काही जण टिकले, काही जुन्या रिवाजांकडे परतले, आणि पुष्कळांनी दोन्हीचा मेळ घातला. मिशनच्या अहवालांत या तिसऱ्या गटाबद्दल तक्रारीचा सूर असतो. प्रत्यक्षात समाज तगला तो बहुधा त्यांच्याच व्यवहारी वृत्तीमुळे. या व्यवस्थेत एक दोषही होता. वागणुकीचा न्याय पाळक आणि मिशनरी करीत, आणि मिशनची नोकरीही त्यांच्याच हाती असे. त्यामुळे निष्ठा आणि भीड यांतला फरक कित्येकदा कळेनासा होई.

पुण्यातल्या वादानंतर रमाबाईंचे काम केडगावला गेले. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५ मध्ये इथल्या दैनंदिन वाचन-प्रार्थनेतून मोठी धर्मजागृती झाली आणि तिची वार्ता देशाबाहेर गेली. याच सुमारास रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा या बायकांना उमगत नव्हती, हे त्यांचे कारण होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही सारी कामे आश्रमातल्या स्त्रियांनी केली. त्यांतल्या कित्येकी आश्रमात आल्या तेव्हा निरक्षर होत्या. नवा करार आधी निघाला. सबंध ग्रंथाची मुद्रिते तपासून होतात न होतात तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने मूळ भाषांतून एकटीने केलेले इतके मोठे भाषांतर जगातही दुर्मीळ आहे. तरी मंडळ्यांतून रोजच्या वाचनात राहिले ते बायबल सोसायटीचे प्रचलित भाषांतरच. कानाला सवय झालेला पाठ सहज बदलत नाही, हे यामागचे कारण असावे.

विसाव्या शतकात नित्यवाचनाभोवती छापील साधने वाढली. शब्बाथ शाळेत मुलांना पाठ करायला दर रविवारी ‘सोनेरी वचन’ मिळू लागले. इंग्लंडमधील स्क्रिप्चर युनियनने १८७९ पासून वाचनाच्या वार्षिक उताऱ्यांची कार्डे काढली होती, तीही मिशनबरोबर भारतात आली. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचे वचन छापण्याची पद्धत पडली. नववर्षाच्या मध्यरात्रीच्या उपासनेत पेटीतून वचनाची चिठ्ठी उचलून ते वर्षभरासाठीचे मानणेही अनेक ठिकाणी रूढ झाले. या प्रकाराचे मूळ १७१८ मध्ये बोगाट्स्की या जर्मन लेखकाने काढलेल्या वचनसंग्रहापर्यंत जाते. चिठ्ठीत आशीर्वादाची वचने निघतात, आमोस संदेष्ट्याने गरिबांना लुबाडणाऱ्यांना दिलेला इशारा सहसा निघत नाही. म्हणूनच जाणते पाळक चिठ्ठीपेक्षा क्रमाने अध्याय वाचण्यावर भर देतात.

कॅथलिक घरांत, मग ती वसईतली असोत की गोव्यातली, संध्याकाळचा वेळ रोझरीचा असे, आणि गोव्यात तिला तेर्स म्हणतात. बायबल देवळात ऐकायचे, घरी माळ जपायची, ही वाटणी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) बदलली. मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, आणि १९६५ च्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे असे स्पष्ट सांगितले गेले. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने हे वळण मराठीत रुळवले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हे भाषांतर सिद्ध केले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. आता वसईच्या अनेक घरांत रोझरीच्या जोडीला दिवसाचा उताराही वाचला जातो.

मोबाइल आल्यावर मराठी बायबल वाचनाबरोबर ऐकण्याचेही झाले. मुंबई-पुण्याच्या लोकलमध्ये कानात अध्याय लावून जाणारा नोकरदार आणि परदेशात मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून ध्वनिमुद्रित पाठ लावणारे मराठी कुटुंब, दोघांच्याही फोनवर वर्षभराची योजना असते. एखादा दिवस चुकला की फोन आठवण करतो. कुटुंबप्रार्थनेत मोठ्याने वाचण्यासाठी मात्र बहुतेक घरांत अजून छापील प्रत उघडली जाते. तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू यांच्या तारखा लिहून ठेवण्याची चालही अनेक कुटुंबांत टिकून आहे.